मनोरा भंगारात, हात संग्रहालयात : अवकाशतळांच्या जुन्या लोखंडाविषयी वाचकांचे प्रश्न

अवकाशवीर ज्या यानातून परत येतात ते काचेच्या पेटीत जातं. त्या यानाला उभं करणारा मनोरा, त्याला वाहून नेणारा मंच आणि त्याच्या ज्वाळा गिळणारा खंदक बहुधा भंगारवाल्याच्या वाट्याला येतात. या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

शुभांशू शुक्ला 25 जून 2025 रोजी फ्लोरिडातल्या 39-ए तळावरून गेले. ‘अपोलो 11 इथूनच उडालं’ असं बातम्यांत सारखं ऐकलं. तिथं अपोलोचं नेमकं काय उरलं आहे? — वाचक, नाशिक

जागा तीच आणि काँक्रीटही बरंचसं तेच. डोळ्यांत भरणारं लोखंड मात्र अर्धंमुर्धंच अपोलोचं आहे.

अपोलोच्या काळात तळावर कायमचा मनोरा नव्हताच. सॅटर्न-5 अग्निबाण काही किलोमीटरवरच्या जुळणी-इमारतीत एका फिरत्या मंचावर उभा केला जाई. मनोराही त्याच मंचावर असे, आणि क्रॉलर नावाचं प्रचंड वाहन हे सगळं खांद्यावर घेऊन तळावर आणून ठेवी. तळ म्हणजे काँक्रीटचा उंच चौथरा आणि त्याच्या मधोमध ज्वाळांचा खंदक : सुमारे 137 मीटर लांब, 18 मीटर रुंद, 13 मीटर खोल. हा खंदक अपोलोचाच. पुढे स्पेस शटलसाठी तळावर स्थिर मनोरा बांधायची वेळ आली तेव्हा अपोलोच्या फिरत्या मनोऱ्यांचे भाग काढून वापरले गेले. त्यामुळे 39-एच्या मनोऱ्याच्या सांगाड्यात अपोलोचं पोलाद आहे, पण ते दाखवा म्हटलं तर बोट ठेवता येणार नाही. 2014 मध्ये तळ 20 वर्षांच्या करारानं स्पेसएक्सकडे गेला. शटलचं फिरतं सेवा-बांधकाम त्यानंतर उतरवलं गेलं. शुक्ला ज्या पुलावरून यानात शिरले तो 2018 मध्ये बसवलेला, अगदी नवा.

खंदकही दिसतो तेवढा निर्धोक राहिला नव्हता. 31 मे 2008 रोजी शटल डिस्कव्हरी उडालं आणि खंदकाच्या भिंतीतल्या सुमारे 3,500 आगविटा उखडून फेकल्या गेल्या. विटा शाबूत होत्या. त्यांची मागच्या काँक्रीटवरची पकड चाळीसेक वर्षांत ढिली झाली होती, आणि वरून पाहणी करणाऱ्याला ते दिसत नव्हतं. दुरुस्तीत त्या जागी विटा परत बसवल्या नाहीत. भिंतीला पोलादी जाळी ठोकून तिच्यावर उष्णतारोधक काँक्रीट फवारलं. वापरात असलेल्या वारशाचं असं होतं : तळ चालू राहिला, पण तेवढ्या भिंतीवरचं मूळ बांधकाम गेलं.

अपोलो 11 चा मनोरा मग कुठे गेला? एवढी मोठी गोष्ट सांभाळता आली नाही? — वाचक, पुणे

अमेरिकेकडे असे तीन फिरते मंच होते. पहिल्या मंचावरून अपोलो 4, अपोलो 8 आणि अपोलो 11 गेली. म्हणजे सॅटर्न-5 चं पहिलं उड्डाण, माणसाची पहिली चंद्रप्रदक्षिणा आणि पहिलं चांद्रावतरण, तिन्ही याच लोखंडावरून. नंतर स्कायलॅबकडे माणसं नेणारी तिन्ही उड्डाणं आणि 1975 चं अपोलो-सोयूझही याच मंचावरून झालं. स्कायलॅब म्हणजे अमेरिकेचं अवकाशस्थानक, आणि अपोलो-सोयूझ म्हणजे अमेरिका-सोव्हिएत संयुक्त मोहीम. ही उड्डाणं धाकट्या सॅटर्न-1बी अग्निबाणाची. तो मनोऱ्याच्या हातांपर्यंत पोचावा म्हणून मंचावर सुमारे 39 मीटर उंचीची एक घोडी उभी केली होती. तिथले लोक तिला ‘दुधाचं स्टूल’ म्हणत.

मंच 49 मीटर लांब, 41 मीटर रुंद आणि साडेसात मीटर जाड. त्यावर सुमारे 116 मीटरचा मनोरा. मनोऱ्याला अग्निबाणाकडे झेपावणारे नऊ हात, माथ्यावर 25 टनी यारी, म्हणजे क्रेन. शटलला या मनोऱ्याची गरज नव्हती; मंच हवा होता, तोही मोकळा. म्हणून 1983 मध्ये मनोरा कापून उतरवला. मंच शटलसाठी बदलून पुन्हा कामाला लागला आणि मनोऱ्याचे तुकडे केनेडी केंद्राच्या, म्हणजे 39-ए तळ ज्यात आहे त्या नासाच्या केंद्राच्या, आवारात उघड्यावर ठेवले गेले. पुढेमागे पुन्हा उभा करू, असा विचार होता.

घोळ इथेच झाला. तुकडे वीस वर्षं फ्लोरिडाच्या खाऱ्या हवेत पडून राहिले. मनोरा उभा असताना त्यावरचं पाणी ठरल्या वाटेनं खाली निथळत होतं. आडवा पाडल्यावर त्याच तुळयांच्या पन्हळी झाल्या आणि त्यांत पाणी साठायला लागलं. मनोरा वाचवण्यासाठी अवकाशप्रेमींनी मोहीमही काढली, पण तोवर प्रश्न एकट्या गंजाचा राहिला नव्हता, रंगाचा झाला होता. 1960 च्या दशकातल्या त्या रंगात शिसं होतं आणि पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी हे रसायनही होतं. रंग लवचिक राहावा आणि रसायनांना टिकावा म्हणून ते तेव्हा सर्रास घालत. अमेरिकेत 1979 पासून त्याच्या उत्पादनावर बंदी आहे. रंगात त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत 50 किंवा त्याहून जास्त भरलं, की ती वस्तू टाकून देतानाचे नियम फार कडक होतात. म्हणजे जमिनीवर पडणारी प्रत्येक खपली हा घातक कचरा. शेवटी 2004 मध्ये तुकडे भंगारात गेले.

नववा हात तेवढा वाचला. मनोऱ्याच्या 320 फुटांच्या पातळीवरचा हा हात, म्हणजे आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ज्यातून चालत यानात शिरले तो पूल. केनेडी केंद्राच्या पर्यटक-संकुलात तो आजही पाहता येतो. आमचं मत स्पष्ट आहे : 1983 मध्येच ‘मनोरा नको, हात आणि त्याच्या मुळाचे दोन मजले ठेवू’ असं ठरवून त्यावर छप्पर घातलं असतं, तर आज अधिक काही हाती असतं. सगळं ठेवायचं म्हटलं आणि बहुतेक गेलं.

माझा फॅब्रिकेशन आणि पेंटिंगचा व्यवसाय आहे. रंग खरवडून पुन्हा रंगवणं एवढं अवघड का व्हावं? पीसीबी असला म्हणून काय झालं? — वाचक, भोसरी

धंद्यातल्या माणसाला धंद्यातलं उत्तर.

आधी रंगाची तपासणी. नमुना खरवडताना तो धातूपर्यंतचा हवा. वरचा थर शटलच्या काळातला असू शकतो आणि विष तळाच्या थरात असतं. एका ठिकाणचा नमुना पुरत नाही, कारण खांब, कठडे, जिने आणि यंत्रांच्या पेट्या वेगवेगळ्या कंत्राटांत, वेगवेगळ्या रंगांनी रंगवलेल्या असतात. शिसं, क्रोमियम आणि पीसीबी तिन्ही तपासायचे.

मग बंदिस्ती. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं वाळू मारून रंग उडवणं, करायचं तर तुकड्याभोवती हवाबंद तंबू, आत बाहेरपेक्षा कमी दाब, बाहेर जाणाऱ्या हवेला गाळण्या. वापरलेली वाळू किंवा ग्रिट आता वाळू राहिली नाही, रंगाइतकाच घातक कचरा झाली. तुमच्या कारखान्यात एका तुळईला चालेल असा हा खर्च आहे. शेकडो टन जाळीदार लोखंडाला तो गुणा. जाळीदार बांधकामाचं पृष्ठफळ वजनाच्या मानानं अवाढव्य असतं, आणि कंत्राटदार दर लावतो तो पृष्ठफळावर.

गॅसकटरनं कापायचं म्हटलं तरी सुटका नाही. ज्योतीखाली शिशाची वाफ होते. अमेरिकी बांधकाम-नियमांनुसार विषारी लेप असलेल्या लोखंडावर काप घेण्याआधी कापाच्या दोन्ही अंगांना निदान 4 इंच रंग काढावा लागतो, नाहीतर कामगाराला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा द्यावा लागतो. हवेतल्या शिशाची मर्यादा आठ तासांच्या पाळीला सरासरी घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम. उघड्यावर काप घेतला तरी ती सहज ओलांडली जाते.

आता समजा हे सगळं केलं आणि लोखंड नागडं झालं. किनाऱ्यावरच्या प्रक्षेपण-बांधकामांसाठी नासाची पद्धत साधारण अशी. आधी गोड्या पाण्यानं दाबाखाली धुणं, कारण मीठ न धुता ब्लास्टिंग केलं तर ते खड्ड्यांत आणखी खोल ठोकलं जातं. मग जवळजवळ पांढऱ्या धातूपर्यंत, म्हणजे रंग-गंजाचा जेमतेम डाग उरेल इतकं ब्लास्टिंग, खरखरीतपणा साधारण 40 ते 75 मायक्रॉन. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या किमान 3 अंश सेल्सियस वर असेल तेव्हाच रंगकाम, तेही गंजाची लाली परत दिसण्याआधी. पहिला थर असेंद्रिय झिंक सिलिकेटचा, 100 ते 150 मायक्रॉन.

हा थर हट्टी असतो. तो वाळायला हवेतली ओल लागते. कोरड्या दुपारी मारला तर वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत कच्चाच राहतो. हाताला झुकतं माप देऊन जाड मारला तर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखा तडकतो. त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात, म्हणून वरचा रंग आधी पातळ फवाऱ्यानं घ्यायचा, नाहीतर आतली हवा बुडबुडे काढते. कडा, वेल्डचे सांधे, बोल्टांची डोकी यांना फवाऱ्याआधी ब्रशनं एक हात द्यावाच लागतो. धारेवर रंग ओढला जाऊन पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मनोरा म्हणजे तर नुसत्या कडाच.

हे कौशल्याबाहेरचं काम नाही. चालू तळांवर ते होतच असतं. पण तिथं पुढच्या उड्डाणाच्या खात्यातून पैसे येतात. आवारात आडव्या पडलेल्या तुकड्यांना तसं खातं नव्हतं.

आमच्या बंदरावर ब्रिटिश काळातली एक लोखंडी यारी उभी आहे. गावकरी दिवाळीआधी तिला रंग देतात, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. अमेरिकेत समुद्रकाठच्या मनोऱ्यांचं कसं करतात, आणि आम्हाला परवडेल असं काय? — वाचक, रत्नागिरी जिल्हा

तिकडचा गंज आपल्यापेक्षा सौम्य असेल असं वाटत असेल तर एक आकडा पाहा. केनेडी केंद्राच्या किनाऱ्यावर 1966 पासून गंज-चाचणीची जागा आहे. भरतीरेषेपासून जेमतेम 45 मीटरवर. तिथं साध्या, बिनरंगी पोलादाचा झिजण्याचा दर वर्षाला सुमारे 1.07 मिलिमीटर नोंदला गेला आहे. पिट्सबर्गसारख्या आतल्या औद्योगिक शहरात हाच दर 0.03 मिलिमीटरच्या आसपास. त्यात शटलच्या प्रत्येक उड्डाणाला घनइंधनाच्या धुरातून सुमारे 70 टन हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडे.  किनाऱ्यापासून आत जाल तसा दर झपाट्यानं उतरतो. तुमची यारी मात्र बंदरातच आहे.

तुमचा रंग सुटतो तो बहुधा रंग वाईट म्हणून नव्हे. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, रंगाखाली खारं पाणी तयार होतं आणि गंज आतल्या आत चालू राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेटनं बसवलेल्या असतील तर त्यांच्या फटीतला गंज पट्ट्यांना वाकवतो, रिव्हेटची डोकीसुद्धा उडवतो.

जुना रंग तपासून घ्या, हे पहिलं. ब्रिटिश काळातल्या लोखंडाचा पहिला हात बहुधा शेंदराचा असतो, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाच्या मूर्तीवर दिसतो म्हणून निरुपद्रवी समजू नका. शिसं निघालं तर कोरडं घासणं, ग्राइंडर, गॅसची ज्योत बंद. ओलं करून खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवायच्या. आसपास पोरं खेळत असतील तर काम संपेपर्यंत जागा अडवा.

मग गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. नुसती धूळ जाईपर्यंत नव्हे, मीठ जाईपर्यंत. मीठ गेलं की नाही हे पाहायला व्यावसायिक लोक चिकट कप्पा लावून त्यात शुद्ध पाणी सोडतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. चौरस मीटरला 50 मिलिग्रॅमच्या आत मीठ, ही अनेक ठिकाणी धरली जाणारी मर्यादा. तुमच्याकडे स्वस्त टीडीएस मीटर असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेल्या कापसानं ठरावीक चौकोन पुसा, कापूस त्याच पाण्यात पिळा आणि आधीचा-नंतरचा आकडा ताडून पाहा. नेमकं प्रमाण कळणार नाही, पण धुण्यानं फरक पडतोय की नाही ते नक्की कळेल. आकडा खाली येत नाही तोवर रंगाचा डबा उघडू नका.

ब्लास्टिंग परवडणार नसेल तर हातानं साफ केलेल्या पृष्ठभागाला चालणारा दोन भागांचा इपॉक्सी घ्या. जवळजवळ पांढऱ्या धातूशिवाय झिंक सिलिकेटचा उपयोग नाही, त्यामुळे कुणी भारी म्हणून गळ्यात मारला तरी घेऊ नका. इपॉक्सी उन्हात भुरभुरतो, म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात हवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, तेही सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर, आणि दुपारनंतर खारा वारा सुटण्याआधी त्या दिवसाचा हात संपवा.

आणि यारीत पाणी कुठे साठतं ते भर पावसात जाऊन बघा. बंद पोकळ्यांना सर्वांत खालच्या जागी 10-12 मिलिमीटरची भोकं पाडा. पट्ट्यांच्या फटी वरून बंद करा, खालून उघड्या ठेवा. चारी बाजूंनी पुट्टी भरली की आत शिरलेलं पाणी कोंडलं जातं. तुमचा अर्धा प्रश्न रंगाचा नसून निचऱ्याचा असण्याची शक्यता आहे.

केप कॅनव्हेरलच्या 34 नंबरच्या तळावर ‘अबँडन इन प्लेस’ असं रंगवलेलं छायाचित्र पाहिलं. याचा अर्थ ते जतन केलं आहे असाच ना? — वाचक, सांगली

उलट आहे. तो प्रशासकीय शेरा आहे : जागच्या जागी सोडून द्या. पाडायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही.

27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 च्या सरावात लागलेल्या आगीत ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अवकाशवीर मृत्युमुखी पडले, ते याच तळावर. 11 ऑक्टोबर 1968 रोजी अपोलो 7 इथूनच उडालं. पुढे लोखंडी मनोरे उतरवले गेले. चार पायांचा काँक्रीटचा चौरंग, ज्वाळा वळवणारे दोन पोलादी उतार आणि तिघांच्या स्मृतीची बाकं राहिली. लोखंड काढून काँक्रीट ठेवलं, हा योगायोगानं शहाणपणाचा निर्णय ठरला. जवळच्या 14 नंबर तळावर, जिथून अवकाशवीर जॉन ग्लेन उडाले, मनोरा तसाच ठेवला होता. तो मिठानं इतका पोखरला की 1976 मध्ये धोकादायक म्हणून पाडावा लागला.

काँक्रीटही अमर नसतं. मीठ हळूहळू आतल्या सळईपर्यंत पोचतं, सळई फुगते, काँक्रीटच्या ढलप्या पडतात. त्यावर नुसतं सिमेंट थापणं ही नेहमीची चूक. सळईच्या मागच्या बाजूलाही सुमारे 20-25 मिलिमीटर जागा होईपर्यंत काँक्रीट काढावं लागतं, सळई घासून स्वच्छ करावी लागते, मगच भरणी. तरीही दोन-चार वर्षांत ठिगळाच्या कडेनं नवी ढलपी सुटते, कारण ठिगळातली सळई सुरक्षित झाली की गंज शेजारच्या जुन्या, खारट भागात जोर धरतो. त्यासाठी ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे गोळे बांधून भरणी करतात. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. जस्त संपलं की पुन्हा तेच, हे मात्र आधीच हिशोबात धरावं.

राकेश शर्मा गागारिनच्याच तळावरून गेले होते का? तो जपला आहे का? — वाचक, नागपूर

नाही. 26 सप्टेंबर 1983 रोजी गागारिनच्या तळावर सोयूझ अग्निबाणाला आग लागून स्फोट झाला. दोन्ही अंतराळवीर सुटका-यंत्रणेनं वाचले, तळ मात्र जळाला. म्हणून 3 एप्रिल 1984 रोजी शर्मांचं सोयूझ टी-11 कझाकस्तानातल्या त्याच बायकोनूर केंद्राच्या 31 नंबरच्या तळावरून गेलं. गागारिनचा तळ दुरुस्त होऊन पुढे वापरात आला आणि तिथलं शेवटचं उड्डाण 25 सप्टेंबर 2019 रोजी झालं. त्यानंतर संग्रहालयाची चर्चा सुरू झाली.

बायकोनूरचा धडा मात्र छपराचा आहे. 12 मे 2002 रोजी तिथल्या प्रचंड जुळणी-इमारतीचं छप्पर कोसळलं. छपरावर दुरुस्तीचं काम करणारे आठ कामगार मेले आणि खाली ठेवलेलं, 1988 मध्ये अवकाशात जाऊन आलेलं एकमेव बुरान यान, म्हणजे सोव्हिएत शटल, चिरडलं. वस्तू छपराखाली आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी छपराचीही वही ठेवावी : पन्हळी कधी साफ झाल्या, गळती कुठे आहे, दुरुस्तीच्या वेळी वर किती वजन चढवलं.

जुनी विक्रांत युद्धनौका मुंबईत असताना आम्ही शाळेतून पाहायला गेलो होतो. ती गेली तेव्हा वाटलं, आपल्याकडेच असं होतं. अमेरिकेत तर वारशाचा कायदा आहे, मग मनोरे कसे पाडू देतात? — वाचक, डोंबिवली

तिथला 1966 चा कायदा पाडू नका असं म्हणत नाही. सरकारी खात्यानं पाडण्याआधी विचार करा, संबंधितांशी बोला, नुकसान कमी करण्याचा मार्ग काढा, एवढंच म्हणतो. केप कॅनव्हेरलला 1984 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तरी तिथली बांधकामं पाडली गेलीच. शटलचा एक जुना मंच, म्हणजे मुळात अपोलोचाच, 2021 मध्ये तोडायला घेतला, आणि कारण काय, तर ठेवायला जागा नाही. विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झाली, 2012 पर्यंत संग्रहालय म्हणून टिकली आणि 2014 मध्ये तोडायला गेली. खाऱ्या पाण्यातलं लोखंड सांभाळायला दरवर्षी पैसा लागतो आणि तिकीटविक्रीतून तो निघत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

फरक पडतो तो नोंदींत. अमेरिकेत 1969 पासून ऐतिहासिक अभियांत्रिकी बांधकामांची नोंद करणारा सरकारी कार्यक्रम आहे. पाडण्याआधी मोजणी करून काढलेली रेखाटनं, मोठ्या आकाराच्या फिल्मवरची छायाचित्रं आणि लेखी इतिहास तयार होऊन देशाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जातो. साहित्य 500 वर्षं टिकेल असं असावं, ही अट. म्हणून तर संगणकीय फाइलच्या जमान्यातही फिल्म आणि न पिवळणारा कागद.

एखादा भाग संग्रहालयासाठी काढायचाच ठरला, तर कापण्याआधी काय करावं? — वाचक, इचलकरंजी

कापण्याचा दिवस हा जतनाचा सर्वांत महत्त्वाचा दिवस असतो, आणि नेमकं त्याच दिवशी काम भंगाराच्या ठेकेदाराच्या हाती असतं.

मूळ आराखडे आधी मिळवा आणि प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहा. चालू तळावर कागदाबाहेर पन्नास बदल झालेले असतात. प्रत्येक तुकड्याला आराखड्यातला क्रमांक द्या आणि तो स्टेनलेस पत्र्यावर ठोकून तारेनं बांधा. खडू पहिल्या पावसात जातो, रंगानं लिहिलेला आकडा रंग काढताना जातो. बोल्ट सुटत असतील तर सोडवा. कापावंच लागलं तर सांध्याच्या पट्टीतून कापू नका. सांधा अखंड ठेवून तुळईच्या मधल्या, साध्या भागात काप घ्या. तिथं परत जोडता येतं. नळ्या, वायरी, झडपा, सूचनाफलक हे सगळं ठेकेदाराला कचरा वाटतं, पण त्यांच्याशिवाय उरलेला हात म्हणजे नुसता पादचारी पूल. उतरवलेला तुकडा लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून हातभर उंच आणि कलता ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल. आणि छप्पर. छपराचे पैसे नसतील तर लहान तुकडा निवडा.

ह्यूस्टनचा अपोलो नियंत्रण-कक्ष पूर्ववत केल्याचं वाचलं. घरातल्या वस्तूंना गंजाचा त्रास नसताना इतका खर्च का? — वाचक, मडगाव

तिथं शत्रू माणूस होता. कक्ष 1985 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, पण 1992 पर्यंत शटलसाठी वापरात होता, आणि नंतर येणारेजाणारे कन्सोलची बटणं आठवण म्हणून उपटून नेत. दुरुस्तीला सुमारे 50 लाख डॉलर लागले. त्यांतले 35 लाख शेजारच्या वेबस्टर नगरपालिकेनं दिले. कन्सोल कॅन्ससमधल्या एका अवकाश-संग्रहालयाच्या कारागिरांनी दुरुस्त केले. भिंतीचा मूळ कागद शोधताना त्याचा तुकडा अग्निशामक नळकांड्याच्या मागे सापडला, कारण ती जागा कुणी उघडून रंगवली नव्हती. जुन्या वाड्याची डागडुजी करणाऱ्यांनीही आधी अशाच जागा बघाव्यात : स्विचबोर्डामागे, चौकटीच्या आड, माळ्याच्या कोपऱ्यात. कक्ष 2019 मध्ये, चांद्रावतरणाच्या पन्नाशीला खुला झाला.

क्रॉलर अजून चालतात म्हणे. त्यांचे सुटे भाग बदलले असतील तर ते ऐतिहासिक कसे? — विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही क्रॉलर 1965 चे. प्रत्येकाचं वजन सुमारे 2,700 टन, आठ पट्टे, पट्ट्यामागे 57 बूट (जमिनीवर टेकणारे पोलादी तळवे), म्हणजे एकूण 456 बूट, आणि एकेक बूट टनभराचा. ओतीव पोलादाच्या त्या जुन्या बुटांना तडे गेल्यानं ते शटलच्या काळात सगळेच्या सगळे बदलावे लागले. इंजिनं, जॅक, बेअरिंगं यांतही फेरबदल होत आले आहेत. तरी 2000 साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदीत गेले. नोंद झाली ती झिजणाऱ्या बुटांसाठी नव्हे. सांगाडा, मांडणी आणि काम तेच राहिलं : मंच उचलणं, सपाट ठेवणं, भरल्या वजनानं ताशी दीडेक किलोमीटरनं चढावर नेणं. आर्टेमिस या नव्या चांद्रमोहिमांसाठी क्रॉलर-2 बळकट करताना सांगाडा ठेवला आणि बाकीचं वाढवलं.

क्रॉलरचा रस्ताही पाहण्यासारखा आहे. वरचा थर नदीतल्या गोट्यांचा, सरळ भागात साधारण 10 सेंटिमीटर आणि वळणावर 20. डांबर किंवा काँक्रीट नाही, कारण वळताना बूट घसटतात आणि गोटे त्यांच्याखाली सरकू शकतात. ते चिरडून भुकटी होतात, म्हणून अधूनमधून नवे पसरावे लागतात. चिरडलेले गोटे कुणी जपत नाही आणि जपायचं कारणही नाही.